बाहीवरचा पराग

आमच्या गावात फुलाला कंदाचा चोर समजतात. जमिनीतलं बळ फूल वर ओढून घेतं आणि खाली कंद बारीक राहतो, म्हणून कळी दिसली की खुडायची. ह्याला इथे मुंडकी काढणं म्हणतात. जुलैत समुद्राच्या बांधाआड लांबच लांब लिलीची शेतं पसरलेली असतात आणि एकाही शेतात फूल नसतं, हे बघून बाहेरची माणसं चक्रावतात. आमच्याकडे मात्र ज्याच्या शेतात फूल उभं राहिलं तो आळशी ठरतो. रविवारी सकाळी अख्खं गाव सायकलीवरून चर्चला जातं ते देवासाठी, हे खरं. पण वाटेत प्रत्येकाची मान डावी-उजवीकडे वळत असते. कोणाच्या शेतात मुंडकी राहिली आहेत ते बघायला.

आणि अशा गावात मी फुलांवर पोट भरते. माझं नाव हिस्के. मी मूळची शेजारच्या प्रांतातली, पण इथल्या खाऱ्या वाऱ्यात इतकी वर्षं काढली की आता माहेरी गेल्यावर तिथलेच लोक मला परकी समजतात. म्हातारे सीवर्टकाका ह्या गावातले जुने कंदवाले. त्यांचा मुलगा माइंडर्ट ह्याने शेतीच्या जोडीला लिलीच्या नव्या जाती तयार करायचं काम सुरू केलं आणि मायक्रोस्कोपखाली गुणसूत्रं बघायला मला ठेवलं. तेव्हापासून मी आणि 'एक्केचाळीस नंबर' एकमेकींच्या डोक्याला ताप होऊन बसलो आहोत.

एक्केचाळीस नंबर ही एक संकरित लिली. तिची आई मोठ्या फुलाची, सुगंधी, दिमाखदार, पण मातीतल्या बुरशीने तिचा कंद वर्षा-दोन वर्षांत कुजून जातो. बाप दणकट. त्याच्या कंदाला बुरशी शिवत नाही, पण फुलाला ना वास ना ऐट. दोघांचा संकर करताना आमच्या नाकी नऊ आले होते. पोर झाली देखणी, मजबूत, आणि ठार वांझ. आम्हाला तिच्यापासून पुढची पिढी हवी होती, म्हणजे आईचा सुगंध आणि बापाचा कंद एका झाडात आणता आला असता. पण तिच्या परागकोशांतून कधी चिमूटभर पूडसुद्धा पडली नाही. आत नुसती टरफलं.

कारण मला रोज दिसत होतं. पराग तयार होताना गुणसूत्रांनी जोड्या लावायच्या, एकमेकांशी तुकडे बदलायचे आणि मग निम्मी-निम्मी वाटून घ्यायची, ही रीत. एक्केचाळीसच्या पेशीत आईकडची बारा आणि बापाकडची बारा. रंग दिला की आईकडची हिरवी दिसतात, बापाकडची लाल. आणि ती एकमेकांना ओळखच देत नाहीत. इथल्या वाढदिवसाला गोल मांडलेल्या खुर्च्यांवर अबोला धरलेले नातेवाईक बसतात, तशी बसून राहतात. मग वाटणी होते ती आंधळी, कुणाला सात, कुणाला पंधरा, कुठली तरी. असला पराग जगत नाही.

माइंडर्टने मधे एकदा झटपट उपाय करून बघितला. औषध लावून गुणसूत्रं दुप्पट केली. प्रत्येकाला आपल्याच घरचा जोडीदार मिळाला, पराग झाले, बी धरलं. गडी नाचायचाच बाकी होता.

"बघ," मला म्हणाला, "तू मायक्रोस्कोपला डोळा लावून बसलीस, आणि मी बी काढून दाखवलं."

"काढलंस. पण हिरवं हिरव्याशी बसलं, लाल लालशी. मिसळलं काय त्यात? सगळी पोरं एक्केचाळीसचीच नक्कल होणार."

"तुझं तोंडच कडू."

पोरं नक्कल निघाली. त्याने ती मुकाट्याने काढून टाकली आणि त्यानंतर कितीतरी दिवस माझ्याशी कॉफी घेतली नाही.

मला हवी होती एक चूक. क्वचित एखाद्या झाडाला, विशेषतः उन्हाची लाट आली तर, वाटणी करायचा विसर पडतो. सगळीच्या सगळी गुणसूत्रं एकाच परागात जातात, आणि त्या गोंधळात हिरवं आणि लाल एकमेकांना बिलगून तुकडे बदलतात. तो पराग मोठा असतो, टपोरा असतो, आणि जिवंत असतो. मी दर उन्हाळ्यात एक्केचाळीसच्या वाफ्यातल्या प्रत्येक झाडाची एकेक कोवळी कळी फोडून ती चूक शोधत होते. ज्या वर्षी काही सापडत नसे त्या वर्षी मी घरी भांडी आपटत असे. सांगायला लाज कशाला वाटायची, आपटत असे.

त्या वर्षी माइंडर्टने सरळ सांगून टाकलं. "हिस्के, हा शेवटचा उन्हाळा. एक्केचाळीसपासून एक जरी जिवंत बी मिळालं तर काम पुढे चालू. नाही तर वाफ्यावर नांगर. मला जागा हवी आहे."

"आणि मी इतकी वर्षं केलं ते?"

"ते केलंस. मी कुठे नाही म्हणतोय?"

तळपायाची आग मस्तकात गेली. पण शेत त्याचं, वाफा त्याचा. मी मूग गिळून मायक्रोस्कोपकडे गेले.

आणि जूनमध्ये उन्हाची लाट आली. गायी कालव्यात पोटापर्यंत उभ्या राहिल्या, चर्चमध्ये लोकांनी पहिल्यांदाच कोट काढायची परवानगी मागितली आणि पंचांनी ती दिली नाही. मी एकामागून एक कळ्या फोडत होते. वाफ्याच्या कोपऱ्यातल्या एका लुकड्या झाडाची कळी फोडली, काचेवर चिरडली, डोळा लावला आणि तोंडातून एक शिवी गेली. वाटणी झालीच नव्हती. एका पेशीत सगळी गुणसूत्रं एकत्र होती, आणि दोन ठिकाणी हिरवं लालला घट्ट धरून बसलं होतं. दुसरी पेशी बघितली. तिथेही तेच. मी खुर्चीवरून उठले, खोलीत एक फेरी मारली, परत येऊन बघितलं. होतंच.

त्या झाडावर अजून थोड्या कळ्या होत्या. त्या पिकेपर्यंत थांबायचं, उमलण्याच्या आदल्या घटकेला परागकोश काढायचे, कोरडे करायचे आणि काचघरात फुलायला आलेल्या सुगंधी लिलीवर लावायचे. इतकंच उरलं होतं. मी देठाला लाल तार गुंडाळली. सीवर्टकाका कुंपणापाशी पाईप ओढत उभे होते. पायांनी आता त्यांना शेतात काम होत नव्हतं, पण हातांना चैन पडत नसे.

"काका," मी म्हटलं, "ते तार लावलेलं झाड बघताय ना? त्याला जपा. जिवापाड जपा."

"ते लुकडं? कंद बघ त्याचा, लसणीएवढा तरी असेल का?"

"असू दे. ह्या अख्ख्या शेतात मला तेवढं एकच झाड हवंय."

"एवढं प्रेम?" काका हसले. "नवऱ्यावर केलं असतंस तर टिकला असता."

"नवऱ्याला नव्हती असली गुणसूत्रं."

"बरं बरं. जपतो. सीवर्टने शब्द दिला."

कंदवाल्याच्या तोंडचा शब्द. मी किती निर्धास्त झाले!

काही आठवड्यांनी, एका शनिवारी दुपारी कळ्या बघितल्या. फुगल्या होत्या, रंग फिरत होता, पण टोकाला अजून हिरवट होत्या. आत्ता काढले असते तर पराग कच्चे निघाले असते. सोमवारी पहाटे काढू, असं ठरवलं आणि घरी गेले. रविवारी आमच्या गावात मातीला कोणी हात लावत नाही. मी चर्चची नाही, तरी इतक्या वर्षांत मलाही ती सवय लागली होती.

रविवारी दुपारी राइनाकाकूंचा, म्हणजे सीवर्टकाकांच्या बायकोचा, वाढदिवस होता. खोलीत खुर्च्या गोल मांडलेल्या. आत शिरलं की प्रत्येकाशी हात मिळवायचा आणि "काकूंच्या वाढदिवसाचं अभिनंदन" असं प्रत्येकाला म्हणायचं, शेजाऱ्यालासुद्धा. मग एक कप कॉफी आणि केकचा एक तुकडा. दुसरा मागायचा नसतो. मी अभिनंदन करत करत गोल पुरा केला, खुर्चीवर बसले आणि मधल्या टेबलाकडे बघितलं.

काचेच्या पसरट वाडग्यात पाणी होतं आणि पाण्यावर लिलीची फुलं तरंगत होती. देठ नसलेली, नुसती मुंडकी. गुलाबी, गळ्याशी पिवळा पट्टा. तो पट्टा मी डोळे मिटूनही ओळखला असता. एक्केचाळीस नंबर.

"ही फुलं कुठली?" मी विचारलं.

"अगं, ह्यांनी आणली काल संध्याकाळी," राइनाकाकू खूश होऊन म्हणाल्या. "कळ्याच होत्या. रात्रभर घरात उबेला ठेवल्या, सकाळी बघते तर उमललेल्या. एरवी मेले फेकून देतात सगळं. म्हटलं, आज तरी आठवण झाली बायकोची."

मी सीवर्टकाकांकडे बघितलं. ते माझ्याकडे बघून मान डोलावत होते. चेहऱ्यावर समाधान.

"जपलं बघ तुझं झाड," काका म्हणाले. "काल तुझ्या त्या झाडावर कळ्या फुगलेल्या, आणि दुसऱ्या दिवशी रविवार. अख्खं गाव बघणार. आणि तो बारका कंद, त्याने फूल फुलवलं असतं तर मेलाच असता. बाकीच्या झाडांना हात लावला नाही हां, तू म्हणालीस तेवढ्यालाच. आता बघ कसा फुगतो कंद."

खोलीतली दोन-तीन माणसं "बरोबर आहे" असं पुटपुटली. सगळे कंदवालेच. मला ओरडायचं होतं. प्रेमाने केलेल्या कामावर ओरडता येत नाही, ह्याच्याइतकी चीड आणणारी गोष्ट जगात दुसरी नसेल. पण लगेच डोक्यात आलं: फुलं तर समोर आहेत! घरात उमलली म्हणून काय झालं, परागकोश तर असतीलच. मी उठून वाडग्यावर वाकले.

प्रत्येक फुलाच्या मधे सहा पांढरे दांडे होते आणि दांड्यांची टोकं रिकामी होती.

"काकू, ह्याच्या आतले ते... टोकावरचे तपकिरी..."

"ते काढले मी," राइनाकाकू म्हणाल्या. "लिली घरात आणली की आधी ते काढायचे, हे काय आता मी तुला शिकवू? तरी एक फूल पहाटेच उमललं होतं मेलं. माझ्या पांढऱ्या टेबलक्लॉथवर हा एवढा डाग! लग्नातला टेबलक्लॉथ तो, हिस्के."

डाग. एक्केचाळीस नंबरने आजवर कोणाच्या कापडावर कधी डाग पाडला नव्हता, कारण तिच्यात पूडच नव्हती. त्या झाडाने पराग दिला होता. मी मायक्रोस्कोपमध्ये बघितलं ते खरं होतं, आणि त्याचा पुरावा एका टेबलक्लॉथवर होता.

"कुठे आहे टेबलक्लॉथ?"

"भिजत घातलाय. सोड्यात."

"आणि काढलेले ते... ते कुठे टाकले?"

"कचऱ्याच्या बादलीत. अगं, पण झालंय काय?"

मी स्वयंपाकघरात गेले. बादलीत कागदी रुमालात गुंडाळलेले परागकोश होते आणि त्यांच्यावर एवढ्या पाहुण्यांच्या कॉफीचा गरम, ओला चोथा. रुमाल उलगडला. तपकिरी चिखल. पराग ओला झाला की फुगतो, फुटतो आणि मरतो. टबात सोड्याच्या पाण्यात टेबलक्लॉथ शांतपणे पडून होता. राइनाकाकूंनी डाग नीट चोळून काढला होता, कौतुक करावं इतका नीट.

मी तिथे जमिनीवर बसले. इतके उन्हाळे, इतक्या कळ्या, ती उन्हाची लाट, आणि शेवट कॉफीच्या चोथ्यात. मी रडले. रागाने रडले. बाहेर गोलातले लोक आवाज खाली आणून बोलायला लागले होते आणि कोणीतरी म्हणालं, "फुलांसाठी? फुलांसाठी रडतेय?"

तोंड धुऊन बाहेर आले. घरी जावं म्हणून पुन्हा सगळ्यांशी हात मिळवायला लागले. सीवर्टकाकांपाशी आले तर ते उठेनात. माझं रडणं ऐकून त्यांचा चेहरा उतरला होता. उजवा हात पुढे केला, पण डावा हात पाठीमागे दडवलेला.

"काका, हात दुखतोय का?"

"नाही गं. काही नाही."

"मग असे का बसलात?"

"हळू बोल," ते कुजबुजले. "वाडगा टेबलावर मी ठेवला सकाळी. बाहीला लागलं ते. हिने बघितलं तर जीव घेईल माझा. रविवारचा कोट आहे."

मी त्यांचा हात धरून पुढे ओढला. काळ्या लोकरी कोटाच्या बाहीवर, मनगटापासून अंगठ्याच्या लांबीइतका, केशरी-तपकिरी पट्टा. कोरडा. भुकटीचा कण न् कण लोकरीत अडकलेला.

"अगं बाई!" राइनाकाकूंनी मागून बघितलं. "चर्चला असेच गेलात? पंच काय म्हणाले असतील!" आणि त्या ओलं फडकं घेऊन धावल्याच.

"हात लावायचा नाही!" मी ओरडले. आयुष्यात त्या घरात मी कधी आवाज चढवला नव्हता. फडक्यातून पाणी गळत होतं आणि मी मधे उभी. "काकू, पाणी नाही. एक थेंबसुद्धा नाही. माझी शपथ आहे तुम्हाला."

"हिला काय झालंय?" राइनाकाकूंनी माइंडर्टला विचारलं. माइंडर्ट केकचा तुकडा हातात धरून उभा होता. त्याच्या डोक्यात प्रकाश पडत होता, पण हळूहळू.

"आई," तो म्हणाला, "फडकं ठेव खाली."

मी काकांना म्हटलं, "काचघरात चला. आत्ता."

"आज? अगं, रविवार आहे. काम करायचं नसतं."

"तुम्ही काम नका करू. तुम्ही नुसते उभे राहा. काम कोट करील."

गोलात बसलेल्या चर्चच्या पंचांनी खाकरून घसा साफ केला. काकांनी आधी त्यांच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. मग काठी घेतली आणि निघाले.

काचघरात सुगंधी लिलीची फुलं उमलली होती. त्यांचे परागकोश मी आधीच काढून ठेवलेले. मधला लांब दांडा ब्लेडने कापून आखूड केला, कारण परक्या परागाला तेवढं अंतर चालवत नाही. काकांची बाही हलकेच त्याच्यावर टेकवली. एका फुलावर, मग दुसऱ्यावर, मग पुढच्या. काका श्वास धरून उभे होते. मला एक गोष्ट सुचली आणि तशातही हसू आलं: रविवारचा कोट शेतात कधीच जात नाही, म्हणून त्याच्यावर दुसऱ्या कुठल्या फुलाचा कण असायची शक्यताच नव्हती. प्रयोगशाळेतलं कुठलं उपकरण मी इतकं स्वच्छ ठेवलं नसेल.

"मी चूक केली ना?" काकांनी विचारलं.

"केलीत."

"कंद वाचवायला गेलो."

"ठाऊक आहे मला. म्हणून तर बोलता येत नाही काही."

बाहीकडे बघत ते म्हणाले, "माझ्या हातून कधी फूल झालं नाही गं. मुंडकीच काढली जन्मभर."

त्या फुलांपैकी एकाचंच बोंड फुगलं. बाकीची सुकून गळाली. बोंड पिकायच्या आतच कापलं, कारण असल्या संकराचं बी आईच्या पोटात मरतं. आतले दाणे दिव्यावर धरले. पोकळ, पोकळ, पोकळ. मी एकेक टाकत गेले आणि प्रत्येक दाण्याबरोबर माइंडर्टचा नांगर जवळ येत गेला. एका दाण्यात केसासारखी बारीक रेघ दिसली. तो जीव. त्याला बरणीतल्या पोषक खळीवर ठेवलं आणि हिवाळाभर डोळ्यांत तेल घालून सांभाळला. त्याने कोंब काढला, मुळं काढली. वसंतात मुळाचं एक टोक घेऊन रंग दिला आणि मायक्रोस्कोपला डोळा लावला.

तिथे छत्तीस गुणसूत्रं होती. आईची बारा आणि एक्केचाळीसची सगळीच्या सगळी चोवीस. त्यांत एक होतं अर्धं हिरवं, अर्धं लाल. तुकडा बदललेला. मी माइंडर्टला हाक मारली. त्याने बघितलं, बराच वेळ बघितलं, आणि माझ्या पाठीवर थाप मारली. ह्या माणसाकडून एवढं म्हणजे पुष्कळ.

"आता हिच्यापासून पुढे..." तो म्हणाला.

"थांब," मी म्हटलं. ते त्याने विचारू नये असं मला वाटत होतं. "गुणसूत्रांचे तीन संच आहेत. तीन. दोघांची जोडी लागते, तिघांची लागत नाही. हीसुद्धा वांझ निघणार, बहुतेक."

मी स्वतःवरच चिडले होते. मला हे पहिल्या दिवसापासून माहीत होतं, पण बी हातात यायच्या आधी त्याचा विचार करायचा नाही असं मी मनाशी ठरवलं होतं.

"म्हणजे इतकं करून आपण परत तिथेच?"

"जवळजवळ. आई म्हणून वापरून बघता येईल, कधीतरी एखादं बी धरेल. आणि एक्केचाळीसचा वाफा ठेव. पुन्हा उन्हाची लाट येईल."

त्याने हो म्हटलं. बी मिळालं होतं, शब्द होता. रोपाच्या कंदाचे खवले लावून लावून त्याने त्याची झाडं वाढवली. बुरशीच्या मातीत लावली, कंद कुजला नाही. पहिलं फूल आलं तेव्हा सगळं काचघर सुगंधाने भरलं. परागकोश मात्र वाळलेल्या तांदळाच्या दाण्यासारखे, आत पूड नाही. मी मान खाली घातली. माइंडर्टचे डोळे चमकले.

"हिस्के, ही वांझ आहे हेच तर बरं आहे! कोणी विकत घेऊन आपल्या घरी संकर करू शकणार नाही. जात आपलीच राहील. आणि बियांत बळ जाणार नाही, कंद गलेलठ्ठ. आणि पराग नाही म्हणजे डाग नाही. माझ्या आईसारख्या किती बायका असतील जगात?"

"मी हिच्यासाठी नाही रे हे सगळं केलं. हिच्या पुढच्यांसाठी केलं."

"पुढच्या कशाला हव्यात? मिळालं की जे हवं ते."

पुढच्या उन्हाळ्यात मी आठवडाभर माहेरी गेले होते. परत आले तर एक्केचाळीसच्या वाफ्याच्या जागी नव्या लिलीची सरळ, स्वच्छ रांग. त्या लुकड्या झाडाचा कंद सीवर्टकाकांच्या कृपेने मुठीएवढा झाला होता, तोही नांगराखाली गेला. मी माइंडर्टशी भांडले. "जागा कुठून आणू?" एवढंच तो म्हणत राहिला, आणि ते म्हणताना त्याला जराही वाईट वाटत नव्हतं, ह्याचाच मला जास्त राग आला.

ह्या वर्षी राइनाकाकूंच्या वाढदिवसाला पुन्हा खुर्च्या गोल मांडल्या. टेबलावर तोच लग्नातला पांढरा टेबलक्लॉथ, आणि त्याच्यावर नवी लिली, लांब देठासकट. माइंडर्टने तिचं नाव 'राइना' ठेवलं आहे. काकूंनी आतलं काहीही खुडलं नव्हतं.

"बघा कशी शहाण्यासारखी वागते," त्या येणाऱ्या प्रत्येकाला सांगत होत्या. "हात लावा, हात लावा. काही लागत नाही."

सगळ्यांनी हात लावला. माझी पाळी आली तेव्हा मीही बोट पुढे केलं, परागकोशावरून फिरवलं आणि उजेडात धरून बघितलं. बोट कोरडं. स्वच्छ. काकू माझ्याकडे अशा बघत होत्या की मला "वा!" म्हणावंच लागलं. मी जाऊन सीवर्टकाकांच्या शेजारच्या खुर्चीवर बसले.

"लागलं काही?" त्यांनी हळूच विचारलं.

"नाही."

"हिच्यापासून पुढे काहीच नाही म्हणतेस?"

"नाही, काका."

त्यांनी कॉफीचा कप घ्यायला डावा हात पुढे केला. रविवारचाच कोट. बाहीवर तो पट्टा अजून होता, फिका पडलेला, पण होता. ह्या वेळी त्यांनी हात लपवला नाही.

"किती वेळा म्हटलं, द्या धुऊन देते," राइनाकाकू गोलातल्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा म्हणाल्या. "ऐकतील तर शपथ. पंचांसमोर असाच डाग मिरवत बसतात."

"राहू दे," सीवर्टकाका म्हणाले. "पोर टेबलावर बसलीय. तिच्या बापाचं तेवढंच उरलंय."